लहानपणीचं लाकडी विमान शोधताना: खोक्यापेक्षा हातांना काय आठवतंय ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६८-६९ च्या सुमाराला, तुम्ही नऊ-दहा वर्षांच्या असताना, बोटीवर नोकरी करणाऱ्या मामांनी कुठल्याशा बंदरातून लाकडी विमानाचं किट आणलं. दोघांनी मिळून ते दोन आठवड्यांत बांधलं. पंख वरच्या बाजूला होता, त्याच्याखाली दोन्हीकडे काड्यांचा इंग्रजी व्ही होता, कागद पिवळा होता आणि पंखा रबर पिळून फिरायचा. खोका लाल असावा. किमतीच्या आकड्यांत एक तिरकी रेघ होती. मामा दाढीच्या ब्लेडने तुकडे कापायचे. शेपटीजवळची एक काडी वाकवताना मोडली, तेव्हा त्यांनी तिच्यावर दोरा गुंडाळून गोंद लावला होता. नाव काही केल्या आठवत नाही. मामा आता नाहीत आणि तुम्हाला तेच किट हवंय.

गेली पंचवीस वर्षं मी बाल्साची, म्हणजे त्या अतिशय हलक्या लाकडाची, जुनी किटं शोधते, दुरुस्त करते आणि त्यांचे आराखडे जपते. आधी एक सांगते. तुम्ही विचारलंय की लाल खोक्याचं किट कुठे मिळेल. खोक्याच्या मागे लागू नका. डोळ्यांची आठवण दगा देते, हातांची सहसा देत नाही. खोक्याचा रंग, चित्रातलं विमान, कंपनीचं नाव या गोष्टी आपण एकदा बघतो आणि पुढच्या पन्नास वर्षांत त्यांच्यात इतर दहा खेळण्यांचे रंग मिसळतात. पण काय कापलं, कुठे अडलं, काय मोडलं, कशाने बोट कापलं, हे हातांनी केलेलं असतं, म्हणून ते जसंच्या तसं राहतं.

एका गृहस्थांसाठी मी जवळजवळ तीन वर्षं स्पिटफायरचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, किट शोधत होते. निळा खोका आणि पंखांवरची रंगीत वर्तुळं त्यांना पक्की आठवत होती. एकेक स्पिटफायर मिळायचा, ते म्हणायचे, हा नव्हे. एकदा बोलता बोलता ते सहज म्हणाले, "पंख काढून पिशवीत ठेवता यायचा, रबरबँडने अडकवायचो ना." तिथेच उलगडा झाला. स्पिटफायरचा पंख धडाच्या खालच्या बाजूला असतो. त्याच्या हुबेहूब मॉडेलवर वरून रबरबँड टाकून पंख बसवायची सोय नसते. ती रीत उंच पंखांच्या, म्हणजे पंख धडाच्या वर असलेल्या, नुसतं जास्तीत जास्त वेळ उडावं म्हणून बनवलेल्या मॉडेलांची. शेवटी त्यांचं विमान निघालं कीलक्राफ्टचं सेनेटर, ३२ इंच पंखांचं, अल्बर्ट हॅटफुल यांनी आखलेलं. रंगीत वर्तुळं भावाच्या स्पिटफायरमधून उरलेली, ती त्यांनी स्वतःच्या विमानावर चिकटवली होती. निळा खोकाही त्या स्पिटफायरचाच असणार.

आता तुमच्या पत्राकडे वळू. त्यात दोन रत्नं आहेत आणि तुम्ही ती जाता जाता लिहून गेला आहात.

पहिलं रत्न म्हणजे किमतीतली तिरकी रेघ. ब्रिटनमध्ये शिलिंग आणि पेन्स लिहिताना मध्ये अशी रेघ असायची. ४/६ म्हणजे चार शिलिंग सहा पेन्स. ही पद्धत १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान नाणी आली तेव्हा संपली. तेव्हा मामांनी किट कोणत्याही बंदरात घेतलेलं असो, ते ब्रिटिश बाजारासाठी छापलेलं होतं आणि १९७१ च्या आधीचं होतं. तुमच्या बाकीच्या आठवणींशी हे अगदी जुळतं. एका रेघेने अर्धं जग बाजूला झालं. बोस्टनजवळच्या वेकफील्डमध्ये १९२६ मध्ये पॉल गिलो यांनी सुरू केलेली गिलोज, १९२९ पासूनची शिकागोची कॉमेट, त्याहून जुनी क्लीव्हलँड, जर्मनीची ग्राउपनर, ही सगळी मोठी घराणी आहेत, पण तुमच्या शोधात त्यांच्यावर वेळ घालवू नका.

ज्यांच्या आठवणीत अशी रेघ नाही, त्यांनीही खोक्यावरचा बारीक मजकूर कधी सोडू नये. चित्रापेक्षा पत्ता जास्त बोलतो. अमेरिकन पत्त्यात शहराच्या नावापुढे एक-दोन अंकी विभाग क्रमांक असेल तर किट १९४३ नंतरचं. पाच अंकी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचं. ब्रिटिश खोक्यावर 'पर्चेस टॅक्ससह' असं छापलेलं असेल तर १९७३ च्या आधीचं, कारण त्या वर्षी तो कर जाऊन व्हॅट आला. आणि बारकोड दिसला की १९७४ च्या आधीचं काही शोधत असाल तर ते किट सरळ खाली ठेवा. दुकानात बारकोड वाचून पहिली वस्तू विकली गेली ती १९७४ च्या जूनमध्ये.

दुसरं रत्न म्हणजे मामांचं ब्लेड. जुन्या किटमध्ये बाल्साच्या पातळ फळ्या असायच्या, साधारण तीन इंच रुंद. त्यांच्यावर पंखांच्या बरगड्या, धडाचे आडवे छेद, शेपटीचे तुकडे शाईने छापलेले असत आणि प्रत्येकाशेजारी एक क्रमांक. हे छापील लाकूड. त्यातून एकेक तुकडा आपणच कापून काढायचा. बरगडीच्या पुढच्या टोकाला काडी बसायची चौकोनी खाच असते, ती कापताना ब्लेड जरा लाकडाच्या तंतूंना आडवं लागलं की लाकूड तंतूंबरोबर फाटतं आणि टोक हातात येतं. ज्याने छापील लाकूड कापलंय त्याला हे टोक तुटणं जन्मभर लक्षात राहतं. नंतरच्या किटांत कारखान्यातच पात्याच्या साच्याने तुकडे दाबून कापलेले येऊ लागले, ते बोटाने ढकलून काढायचे. पण साचा बोथट झाला की लाकूड कापलं जाण्याऐवजी चेंगरायचं आणि तिथेही ब्लेड घ्यावंच लागे. म्हणून आठवून पाहा: कापताना तुकड्याच्या कडेला शाईची रेघ उरायची का? बोटांना शाई लागायची का? उत्तर 'हो' असेल तर तुमचं किट छापील लाकडाच्या आवृत्तीचं आहे. एकच किट आधी छापील आणि पुढे साच्याने कापलेलं, असं दोन्ही रूपांत विकलं गेल्याची उदाहरणं आहेत. तुम्हाला हुबेहूब तेच हवं असेल तर हा फरक महत्त्वाचा.

'लाकडी विमान' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात आणि त्यांत गल्लत झाली की शोध भलतीकडे जातो. एक, भरीव लाकडाची मॉडेलं. ती उडत नाहीत, शोभेची किंवा ओळख पटवण्याची असतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून अशी पाच लाख मॉडेलं बनवून घेण्याची मोहीम काढली होती, सगळी १:७२ मापाची. या मापाचं मॉडेल साधारण पस्तीस फुटांवर धरलं की खरं विमान अर्ध्या मैलावर जेवढं दिसेल तेवढं दिसतं, आणि तोफेमागच्या माणसाला आपलं कोण, परकं कोण हे त्यावर शिकवता येतं. स्ट्रॉमबेकर कंपनीची भरीव पाइनची किटं याच कुळातली. दोन, हाताने फेकायची किंवा एका काडीवर पंखा लावलेली, पाच मिनिटांत जुळवता येणारी सपाट बाल्साची विमानं. पुष्कळ लोक 'किट' म्हणून हीच शोधत असतात. तीन, काड्यांचा पोकळ सांगाडा आणि त्यावर टिश्यू कागद. दोन आठवडे लागले, कागद होता, रबर होतं, तेव्हा तुमचं तिसऱ्या प्रकारातलं यात शंका नाही.

त्या काळात ब्रिटनमध्ये अशी किटं बनवणाऱ्यांत कीलक्राफ्ट सगळ्यांत पसरलेली होती. एडी कील यांची ही कंपनी. व्हेरॉन होती, तिची बरीच मॉडेलं फिल स्मिथ यांनी आखली. फ्रॉगही होती. तिचं नाव 'जमिनीवरून थेट उडतं' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलं. लहान, रबरावर उडणारी, खऱ्या विमानासारखी दिसणारी मॉडेलं म्हटली की मी पहिल्यांदा कीलक्राफ्टच्या 'फ्लाइंग स्केल' मालिकेकडे जाते. तिच्यात उंच पंखांची बरीच होती: पायपर सुपर क्रूझर, लस्कम सिल्व्हेअर, सेसना १७०, ऑस्टर ॲरो, स्टिन्सन फ्लाइंग स्टेशन वॅगन, क्रिसली स्कायजीप. स्कायजीपला शेपटीवर दोन उभे पंख असतात, ते तुम्हाला आठवलेच असते, म्हणून ती गेली. पंखाखालचा व्ही पायपरला असतो, ऑस्टरला असतो, स्टिन्सनलाही असतो. आता शेपटी आठवा. पायपरची गोलाकार असते, पानासारखी. स्टिन्सनचा उभा पंख उंच आणि ठसठशीत. मोडलेली काडी तुम्ही 'वाकवताना' मोडली असं लिहिलंय, म्हणजे तिथे काहीतरी वळवायचं होतं. माझा पहिला अंदाज सुपर क्रूझर. अंदाजच आहे हा, पण सुरुवात कुठून तरी करायला हवी आणि ही जागा चांगली आहे.

आता पुढची पायरी, आणि बहुतेक लोक इथेच घाई करतात. किट विकत घ्यायला धावण्याआधी आराखडा मिळवा. प्रत्येक किटमध्ये पूर्ण मापाचा आराखडा असायचा, त्याच्यावर मेणकागद पसरून टाचण्यांनी काड्या टोचत विमान बांधायचं. म्हणून या छंदात आराखडे खूप जपले गेलेत. इंटरनेटवरच्या आउटरझोन नावाच्या संग्रहात अशा जुन्या मॉडेलांचे हजारो आराखडे विनामूल्य उपलब्ध आहेत. पंखांचा विस्तार, कंपनी, आखणाऱ्याचं नाव यांवरून तिथे शोधता येतं आणि कित्येक आराखड्यांबरोबर लोकांनी बांधलेल्या विमानांचे फोटोही असतात. कंपनीचं नाव आणि 'रबर' एवढं टाकून एकेक पान बघत बसा. दोन संध्याकाळी जातील, पण ओळखीचं विमान समोर आलं की तुम्हाला कळेल. दुसरा खजिना म्हणजे जुन्या मासिकांतल्या जाहिराती. ब्रिटिश किटांसाठी १९३५ पासून निघणारं एरोमॉडेलर, अमेरिकन किटांसाठी १९२९ पासूनचं मॉडेल एअरप्लेन न्यूज. या जाहिरातींत कंपनीची सगळी विमानं छोट्या चित्रांसह किमतीनिशी एका पानावर मांडलेली असतात. तुमच्या वर्षांचे अंक काढा आणि तिरक्या रेघेच्या किमती बघत जा.

आराखडा छापून घेताना एक काळजी घ्या. छपाई करणारा 'पानावर मावेल असं' करून देतो आणि विमान दहा टक्के लहान होतं. आराखड्यावर पंखांचं माप लिहिलेलं असतं किंवा कुठेतरी इंचाची पट्टी काढलेली असते. छापल्यावर त्यावर खरी पट्टी ठेवून बघा. जुना कागद स्कॅन होताना ताणला जातो, म्हणून लांबी आणि रुंदी दोन्ही मोजा.

नाव पक्कं झालं की मग किट. जुनी किटं विकणाऱ्या पुष्कळांना आपण काय विकतोय हे माहीत नसतं. आजोबांच्या माळ्यावरचा खोका ते 'जुनं बाल्सा विमान' एवढंच लिहून टाकतात, कंपनीचं नाव चुकीचं लिहितात किंवा लिहीतच नाहीत. तुम्ही फक्त नेमकं नाव शोधलंत तर चांगल्या संधी हुकतील. कंपनीच्या नावाची चुकीची स्पेलिंगं, नुसतं 'बाल्सा', 'टिश्यू', 'रबर', पंखांचे इंच, असं वेगवेगळं शोधा आणि नवी नोंद आली की कळेल अशी सोय करून ठेवा. संग्राहक गेल्यावर घरचे लोक अख्खा साठा एकगठ्ठा विकतात, तिथे तुमचं एक किट वीस किटांच्या फोटोत कोपऱ्यात पडलेलं असतं. फोटो मोठा करून बघायची सवय लावा.

विकणाऱ्याला खोक्याचा आणखी एक फोटो मागू नका. आराखडा उलगडून त्याच्या शेजारी लाकडाच्या सगळ्या फळ्या मांडा आणि वरून फोटो काढा, असं सांगा. आराखड्यावर भागांचे क्रमांक असतात, फळ्यांवरही असतात. एकेक जुळवून बघा. मी एकदा हे न करता 'संपूर्ण' म्हणून एक किट घेतलं. उघडलं तर खोका एका विमानाचा, आराखडाही त्याचाच, पण आतल्या चारपैकी दोन फळ्या दुसऱ्याच विमानाच्या. कुणीतरी कधीतरी दोन अर्धी किटं एकत्र केली असणार. आराखड्यावर टाचण्यांची बारीक भोकं दिसली तर त्यावर कुणीतरी विमान बांधलंय, मग काड्या आणि बरगड्या नक्की मोजा. फळ्यांवर सुईएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी असेल तर लाकडाला कीड लागली आहे, घेऊ नका. आणि तुकड्यांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी असतील तर ते लेझरने कापलेलं आहे, म्हणजे हल्लीचं. वाईट नाही, पण त्याची किंमत जुन्या किटची नसावी.

हल्लीचं आहे म्हणून नाक मुरडू नका, हेही सांगायला हवं. गिलोज आजही बाल्साची किटं बनवते. कीलक्राफ्टच्या नावानेही काही जुनी मॉडेलं नव्याने, लेझरने कापून आली आहेत. अनेकदा लोक वर्षानुवर्षं माळे धुंडाळतात आणि ते विमान नव्या खोक्यात विक्रीला असतं. आधी हे तपासून घ्या.

जुनं किट हाती आलं तर त्याचं काय करायचं? पूर्ण आणि न उघडलेलं असेल तर मूळ लाकडाला ब्लेड लावू नका. आराखडा आणि फळ्या स्कॅन करा, शेजारी पट्टी ठेवून, मग सगळं होतं तसं घडी घालून कोरड्या जागी ठेवा. नव्या बाल्सावर तुकडे उतरवून विमान बांधा. बाल्सा निवडतानाही तुम्ही मामांपेक्षा सुदैवी आहात. या लाकडाचं वजन घनमीटरला शंभर किलोच्याही खालपासून दोनशेच्याही वर जातं. किटमध्ये जे येईल ते चालवून घ्यावं लागे, आता तुम्ही बरगड्यांना हलकं आणि धडाच्या लांब काड्यांना चिवट असं वेगळं निवडू शकता.

आणि किट अर्धवट, उघडलेलं, खोका फाटलेलं असेल तर खुशाल तेच बांधा. त्यातलं लाकूड कोरडं राहिलं असेल तर उत्तम काम देतं. साच्याने कापलेले तुकडे ढकलून काढू नका, तुटतील. फळी पालथी घालून बारीक पॉलिश पेपरने मागची बाजू हलकेच घासत राहा, चेंगरलेले तंतू झिजले की तुकडे आपोआप सुटतात. रबर चिकट झालेलं असतं, ते ताबडतोब वेगळं करा, नाहीतर त्याचे डाग कागदावर आणि लाकडावर उतरतात. ट्यूबमधला गोंद दगड झालेला असतो, टाकून द्या. पाण्यात बुडवून चिकटवायची चित्रं, ज्यांना ब्रिटिश किटांत ट्रान्सफर म्हणत, ती पिवळी पडली असतील तर काही दिवस खिडकीच्या काचेला उन्हात लावून ठेवा, पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात घालण्याआधी त्यांच्यावर पारदर्शक वार्निशचा एक पातळ हात मारा. नाहीतर पन्नास वर्षांचं ते चित्र पाण्यात पडताक्षणी चुरा होऊन तरंगतं आणि मग काहीच करता येत नाही.

पण हे सगळं पुढचं. या आठवड्यात एवढंच करा. सुपर क्रूझरचा आराखडा पूर्ण मापात छापा आणि टेबलावर पसरा. चित्राकडे फार वेळ बघत बसू नका, कारण बघून आपण स्वतःला काहीही पटवू शकतो. धडाच्या दोन्ही बाजूंच्या लांब काड्या मागे शेपटीकडे जिथे जवळ येतात तिथे बोट ठेवा. काडी मोडली ती याच्या पुढे की मागे? दोरा किती वेढे होता, आणि तो शेपटीच्या आडव्या पंखाखाली झाकला गेला की कागदातून दिसत राहिला? हे जुळलं तर मला कळवा, किट शोधायला आपण लगेच लागू. नाही जुळलं तर ऑस्टर आणि स्टिन्सनचे आराखडे तसेच पसरा.